मार लागायची जागा

घनसावंगीच्या स्टँडसमोर बद्रीनाथचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं आणि त्या दुकानात रोज दुपारी एकच भांडण व्हायचं. रेडा भारी की टोळ भारी?

रेडा म्हणजे खऱ्या गोठ्यातला नव्हे. अर्धा टीव्ही व्यापून उभा राहणारा लोखंडी राक्षस, खांद्यांवर दोन शिंगं, छाती कणगीएवढी. तो चालला की पडद्यातल्या इमारती हादरायच्या. टोळ त्याच्या निम्म्यानेही नव्हता. हाडकुळा, लांब तंगड्यांचा, सारखा उड्या मारणारा. खेळात दोघांना काहीतरी जपानी नावं होती, पण ती वाचायच्या भानगडीत गावात कोणी पडलं नव्हतं. नावं बद्रीनाथनं ठेवली आणि ती सगळ्यांच्या तोंडी बसली.

रेड्याच्या बाजूनं भांडायचा कचरू. तो तीर्थपुरीच्या रस्त्यावर जीप चालवायचा आणि सीट भरायला नंबर लागेपर्यंत दुकानात येऊन बसायचा. टोळाच्या बाजूनं शिवनारायण. पलीकडच्या गल्लीत पानबाई मारवाडणीचं जनरल स्टोअर होतं, तिचा हा नातू. कॉलेज संपलं होतं, आजीच्या दुकानात बसायचा कंटाळा होता, म्हणून दुपार इथं जायची. दोघंही बाप्ये माणसं, एकाला तर लेकरंबाळं होती, पण रिमोट हातात आला की दोघांच्याही मिशा गळून पडायच्या.

"रेड्याला किती बी लाथा घाला, त्याची लाइफ जागची हलत न्हाई," कचरू म्हणायचा. "तुमच्या टोळाला दोन पडल्या की गार."

"पडल्या तर ना!" शिवनारायण म्हणायचा. "तुमचा रेडा म्हंजे भिंत. डोळे झाकून मारा, कुठं ना कुठं बराबर लागतंच. एवढ्या मोठ्या अंगाचा काय फायदा? मार खायलाच मोठं हाय ते."

मग दोघंही टेबलामागं बसलेल्या सत्यशीलेकडं बघायचे, जणू ती तालुक्याची न्यायाधीश होती.

सत्यशीला बद्रीनाथची बायको. संक्रांत होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा बद्रीनाथ गेला. जालन्याहून मशीन दुरुस्त करून आणत होता. जीप खच्चून भरलेली, म्हणून मागच्या पायरीवर उभा राहिला. गावाजवळच्या गतिरोधकावर जीप उडाली आणि तो उताणा रस्त्यावर पडला. दोन्ही हातांनी मशीन छातीशी धरून ठेवलेलं, त्यामुळं मशीनला ओरखडाही आला नाही. तो उठला, कपडे झटकले, हसला आणि चालत घरी आला. जेवला, डोकं जड झालंय म्हणाला, झोपला. सकाळी उठलाच नाही. दारातून येताना वाकावं लागायचं एवढा देह होता त्याचा. लोक तेराव्यापर्यंत तेच बोलत होते की अरे एवढा गडी, अंगावर खरचटलेलंसुद्धा नाही, आणि जातो कसा?

सत्यशीला रडली नाही. भेटायला येणाऱ्या बायका रडायच्या पूर्ण तयारीनं यायच्या, पदर हातात घेऊन बसायच्या, आणि शेवटी चहा पिऊन जायच्या. बाहेर पडल्यावर म्हणायच्या, दगडाची आहे बाई. तिला ते ऐकू यायचं आणि त्याचंही काही वाटायचं नाही. काहीच वाटायचं नाही, हीच तर गोष्ट होती. भाकरी करताना बोटं तव्याला लागली तर वास आल्यावर कळायचं. सण आला, गेला. कोणी तरी तिच्या अंगावर जाड गोधडी टाकून वरून बोलत असावं तसं सगळं लांबून ऐकू यायचं.

सासऱ्यांनी, काकासाहेबांनी, दुकान विकायला काढलं तेव्हा ती पहिल्यांदा काही बोलली. "मामंजी, मी बसते." का बसते, हे तिलाही सांगता आलं नसतं. एवढं कळत होतं की घरात प्रत्येक जण तिच्या तोंडाकडं बघून काहीतरी शोधतो आणि वाटूरला माहेरी गेली तर भाऊ-भावजय, सगळ्या वाड्यातले लोक तेच करतील. दुकानात सगळ्यांची तोंडं टीव्हीकडं असायची. ती एवढी एकच जागा होती जिथं तिला कोणी कशी आहेस म्हणून विचारत नव्हतं. ती जागा गेली तर आपलं काय होईल, या विचारापुरती तिला थोडी भीती वाटायची. तेवढीच एक भावना शिल्लक होती म्हणा.

काकासाहेब भला माणूस. "उन्हाळाभर बघू," म्हणाले. "पण दिवस मावळायच्या आत घरी." सासू दुर्गाबाई मुलगा गेल्यापासून सुनेशी कामापुरतंच बोलायची, तेही भिंतीकडं बघून.

वैशाखात एका दुपारी भांडण हातघाईवर आलं. कचरूनं रेड्याचा ठोसा मारला, टोळ पडला आणि शिवनारायण ओरडला, "लागलाच न्हाई! हवेत गेल्ता! मशीन खराब हाय!" कचरूनं त्याच्या आजीच्या दुकानातल्या मापाबद्दल काहीतरी काढलं. शिवनारायणनं रिमोट आपटला. रिमोटचा कोपरा उडाला आणि कोपऱ्यात बसलेली बाकीची पोरं उठून चालायला लागली.

सत्यशीला उठली. रिमोट गेले, गिऱ्हाईक गेलं, तर काकासाहेब उन्हाळा संपायची वाट बघणार नव्हते.

"थांबा," ती म्हणाली. "लागतं कुठं, ते एकदाचं बघू."

तिनं डाव नव्यानं लावला. रेड्याचा रिमोट टेबलावर ठेवून दिला, म्हणजे रेडा नुसता उभा. टोळाचा रिमोट शिवनारायणला दिला. "मारा लाथ." लाथ बसली, ठिणगी उडाली आणि त्याच क्षणी तिनं बटण दाबून खेळ थांबवला. ठिणगी काचेवर जिथं दिसत होती तिथं खूण करायला हवी होती. खडू काचेवर टिकला नसता. तिच्या पर्समध्ये संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मिळालेलं टिकल्यांचं पाकीट तसंच पडलं होतं. तिनं त्यातली एक मरून टिकली काढली आणि ठिणगीवर चिकटवली.

कचरूनं मान दुसरीकडं वळवली. विधवेच्या हातात टिकली बघायची त्याला सवय नव्हती. शिवनारायण मात्र टीव्हीकडंच बघत राहिला, कारण त्याला निकाल हवा होता.

पुढं रोज दुपारी हेच काम चाललं. रेडा एवढा जड की टोळाच्या लाथेनं जागचा हलत नसे, त्यामुळं खुणा बरोबर पडायच्या. गुडघा, पोट, छाती, खांदा, शिंग. जिथं मार लागला असं मशीन मानायचं तिथं मरून टिकली. आणि मग गंमत दिसायला लागली. रेड्याची ती भली मोठी शिंगं आणि खांदे नुसते चित्रापुरते होते. त्यांच्यावर लाथ घातली तरी ती आरपार जायची, मशीन हिशेबातच धरायचं नाही. आणि टोळ? त्याच्या हाडकुळ्या अंगाच्या बाहेर, जिथं काहीच नाही, नुसती हवा, तिथंसुद्धा मार लागायचा. दिसायला सुतळी, पण मार खायला पोतं.

"म्हंजे आपण उलटंच समजून राह्यलो होतो?" शिवनारायणचं तोंड बघण्यासारखं झालं.

"म्हंजे मी बराबर होतो," कचरू म्हणाला, जरी तोही बरोबर नव्हता.

पण भांडण मिटलं. नुसतं मिटलं नाही, तर हे बघायला तीर्थपुरीची पोरं यायला लागली. सत्यशीलेला आनंद झाला का? नाही. पण दुपार कधी सरते ते कळत नव्हतं, आणि कित्येक महिन्यांनी असं झालं होतं. आता जिथं मार लागत नाही तिथं वेगळ्या रंगाची खूण करायची होती आणि रेड्याची पाठ राहिली होती. टिकल्या संपल्या. म्हणून ती पदर डोक्यावर घेऊन उठली आणि पलीकडच्या गल्लीत पानबाईच्या दुकानात गेली.

चूक तिथं झाली. सत्यशीलेच्या ध्यानातच आलं नाही की टिकल्या ही वस्तू तिनं विकत घ्यायची नसते. एखादी दुसरी बाई असती तर तिनं शिवनारायणला आणायला सांगितल्या असत्या, नाहीतर नणंदेच्या पोरीसाठी हव्यात म्हणून आधीच पुडी सोडली असती. हिला ती जाणीवच उरली नव्हती.

"टिकल्या द्या. हिरव्या. आन् मरून पण."

पानबाईनं चष्मा वर केला. साठ वर्षं गल्ल्यावर बसलेली बाई, गावातली कोणती बाई कोणत्या मापाचं काकण घालते ते तिला पाठ होतं. "किसके वास्ते, बेटी?"

"दुकानासाठी."

"दुकान में टिकली?"

"लावायला," सत्यशीला म्हणाली, आणि पाकिटं घेऊन गेली.

आता पानबाई वाईट नव्हती. तिनं फक्त शेजारच्या बाईला विचारलं की बद्रीनाथच्या घरी काही कार्य ठरलंय का. शेजारची दळण घेऊन गिरणीवर गेली. गिरणीत आवाज मोठा असतो, त्यामुळं तिथं हळू बोलता येत नाही. दिवस मावळायच्या आत सगळ्या गावाला कळलं की बद्रीनाथच्या बायकोनं हिरव्या टिकल्या घेतल्या, म्हणजे कोणीतरी बघितलाय, आणि तो दुकानातच येऊन बसतो. काहींनी कचरूचं नाव घेतलं, काहींनी शिवनारायणचं. ज्यांना दोन्ही पटेना त्यांनी तीर्थपुरीचा कोणीतरी शोधून काढला.

संध्याकाळी सत्यशीला घरी आली तर काकासाहेब ओसरीवर बसले होते. बाजूला चहा निवत होता.

"वाटूरला फोन लावल्ता," ते म्हणाले. "उद्या भुजंग जीप घेऊन येतो. कपडे भरून ठेव."

भुजंग तिचा भाऊ. "का, मामंजी? उन्हाळा सरला न्हाई अजून."

काकासाहेबांनी जमिनीकडं बघितलं. अशा गोष्टी सुनेशी बोलायची त्यांना लाज वाटत होती, म्हणून ते एवढंच म्हणाले, "तिकडं बरं राहील तुला." दुर्गाबाई आत चुलीपुढं बसली होती. तिनं मागं वळूनही बघितलं नाही.

सत्यशीलेनं पेटीत लुगडी भरली. घडी घालताना तिला वाटलं, आता आपल्याला रडू यायला पाहिजे. आलं नाही. रेड्याची पाठ तेवढी राहिली, एवढंच मनात आलं, आणि त्या विचारानं तिची तिलाच शिसारी आली.

सकाळी ती दुकान उघडायला गेली. किल्ली द्यायच्या आधी मशीन झाकून ठेवते, असं सांगून गेली. वीज होती. तिनं मशीन झाकलं नाही, चालू केलं. दुसरं कोणी नव्हतं, म्हणून टोळाचा रिमोट स्वतःच घेतला. टोळाला रेड्यावरून उडी मारायला लावली, पलीकडं उतरवला आणि मागून लाथ मारली. खूण केली. परत उडी, परत लाथ.

दारात सावली पडली. दुर्गाबाई होती.

लेकाच्या दुकानात ती पहिल्यांदाच येत होती. आधी तिनं सगळे कोपरे बघितले, दाराच्या मागंही. माणूस सापडला नाही तेव्हा तिचा राग आणखी वाढला.

"कोण हाय त्यो?"

"कोण, आत्याबाई?"

"ज्याच्यासाठी टिकल्या घेतल्या! सगळं गाव बोलून राह्यलं. माझ्या लेकाचं वर्षश्राद्ध तरी होऊ द्यायचं होतंस."

सत्यशीलेला आत्ता कुठं कळलं की फोन का गेला होता. दुसरी कोणी असती तर पेटली असती, शपथा घेतल्या असत्या, नाहीतर पानबाईच्या दारात जाऊन उभी राहिली असती. ती नुसती बाजूला सरकली. तिच्या मागं टीव्ही होता. काचेवर मरून आणि हिरव्या टिकल्यांचा सडा पडला होता, आणि त्या टिकल्यांच्या मागं रेडा उभा होता.

दुर्गाबाई बघतच राहिली. आपण काय बघतोय तेच तिला उमगेना.

"ह्ये काय हाय?"

"टिकल्या ह्याला लावल्या, आत्याबाई. मार कुठं लागतो ते बघायला."

म्हातारी हळूच बाकावर टेकली. गावभर फिरलेली एवढी मोठी गोष्ट इथं येऊन एका टीव्हीच्या काचेवर संपली होती. तिला हसूही आलं नाही. ती रेड्याकडंच बघत होती. रेडा जागीच उभा राहून श्वास घेत होता, छाती वर-खाली होत होती, खेळणारा हात लावत नाही तोवर तो तसाच उभा राहायचा.

"अंगानं बद्रीवाणी हाय," ती म्हणाली.

"हो."

घरातल्या कोणी हे नाव कित्येक महिन्यांनी मोठ्यानं घेतलं होतं. दुर्गाबाई उठून काचेजवळ गेली. "ह्या हिरव्या कशाच्या?"

"तिथं मारलं तर काहीच होत न्हाई. शिंगं, खांदे, नुसते दिसायला. मरून हाय तिथं लागतं. पण समोरून छातीवर कितीबी मारा, लाइफ उलशी बी कमी होत न्हाई."

"मंग मरतो कसा?"

सत्यशीलेनं रिमोट घेतला. टोळ उडाला, रेड्याच्या मागं उतरला आणि त्याच्या मानेच्या खालच्या सांध्यावर एक लाथ बसली. फार जोराची नव्हतीच. पडद्यावरची लाइफची हिरवी पट्टी सरकन् रिकामी होत गेली आणि तो डोंगराएवढा देह गुडघ्यावर आला.

तिनं खेळ थांबवला. पाठीच्या बाजूला एकच मरून टिकली होती, आत्ताच लावलेली.

दुर्गाबाईनं हात लांब केला, पण काचेला लावला नाही. तसाच अर्ध्यात धरून ठेवला. "मी तेल लावल्तं त्याला," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, जणू बाजारातली गोष्ट सांगत होती. "त्या रात्री. माझ्यापुढं बसल्ता. डोकं जड झालं म्हणला. त्याचे बाप म्हणले जालन्याला नेऊ, जीप सांगतो. मी म्हणले, काही न्हाई, एवढ्या देहाला काय होतंय. मीच म्हणले. तुला माहीत हाय. तू तिथंच भाकरी करत होतीस."

सत्यशीलेला माहीत होतं. तिनं ऐकलं होतं. म्हणूनच सासू तिच्याकडं बघत नव्हती, हे तिला या क्षणी कळलं. तिला वाटायचं, म्हातारीच्या मनात आपल्याबद्दल राग आहे. राग नव्हताच तो. साक्षीदाराकडं बघवत नव्हतं, एवढंच.

आणि हेही कळलं की या टिकल्या आपण कचरू-शिवनारायणचं भांडण मिटवायला लावत नव्हतो. एवढा मोठा माणूस, खरचटलेलंसुद्धा नाही, आणि जातो कसा, हे आपल्याला समजून घ्यायचं होतं. लोकांनी तेराव्याला सोडून दिलेला प्रश्न ती रोज दुपारी काचेवर मांडत होती.

"आत्याबाई, मी बी तेच समजले," ती म्हणाली. "हसत हसत आले ते. पोटभर जेवले. समोरून कोणालाच दिसलं न्हाई. तुम्हालाच न्हाई असं न्हाई. कोणालाच न्हाई."

"दिसायला पाहिजे होतं. आई हाय मी."

"पाठीमागं होतं, आत्याबाई. तेल लावताना तुमच्याकडं तोंड करून बसल्ते ते. कसं दिसणार?"

दुर्गाबाईनं पदर तोंडात कोंबला आणि बाकावर बसून पुढं-मागं डुलायला लागली. सत्यशीला तिच्याजवळ गेली. हात धरावा की न धरावा ते तिला कळेना, पण म्हातारीनंच तिचा हात ओढून घेतला, त्याच्यावर कपाळ टेकलं. तेव्हा सत्यशीलेच्या छातीत काहीतरी दुखलं. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय बधिर होतो, आणि तो मोकळा करताना जी कळ येते, तशी कळ. ती आधी घाबरली. मग ती कळ वर घशाशी आली आणि तिथं थांबेना. बद्रीनाथ दारातून वाकून येताना कसा दिसायचा ते तिला आठवलं, त्याच्या शर्टाचा वास आठवला, आणि तो नाही, हे पहिल्यांदाच खरं वाटलं. फार दुखलं. आवाज बाहेर पडला तो आपला आहे हेसुद्धा तिला ओळखू आलं नाही.

बाहेर जीप येऊन थांबली. काकासाहेब पुढं आले, मागं भुजंग, त्याच्या हातात बहिणीची पेटी. काकासाहेबांनी दारातूनच हाक दिली, "आगं, चल म्हणावं तिला. उन्हाच्या आत वाटूर गाठायचंय. जीप थांबली."

दुर्गाबाईनं मान वर केली नाही. सुनेचं डोकं तिनं मांडीवर घेतलं होतं आणि ती ते घट्ट धरून बसली होती.

"जाऊ द्या ती जीप," ती म्हणाली. "कुठं न्यायची न्हाई तिला. दिसून न्हाई राह्यलं का, पोरगी आत्ता कुठं रडून राह्यली."